थंडी आणि घरातली म्हातारी माणसं : पलंग ते मोरी एवढ्या वाटेवरच पडतात, ती वाट आधी नीट करा

तापीकाठची_फिजिओ

मंडळी, दर हिवाळ्यात हे लिहीन लिहीन म्हणते आणि राहून जातं, यावेळी लिहितेच. मी यावल, फैजपूर, रावेर पट्ट्यात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. थंडी वाढली की फोन वाढतात आणि नव्वद टक्के फोनचं वाक्य तेच असतं, "ताई, आई रात्री बाथरूमला उठल्या आणि पडल्या." कोणी खुब्याचं ऑपरेशन होऊन आलेलं, कोणाचं मनगट मोडलेलं, कोणाला नुसता मुका मार, पण त्या दिवसापासून माणूस अंथरूण सोडत नाही.

लोक म्हणतात आपल्याकडे काय बर्फ पडतो का, थंडीचा आणि पडण्याचा संबंध काय. संबंध आहे, बराच आहे. थंडीत कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आतल्या बाजूला जास्त फिरतं, मूत्रपिंडाला वाटतं शरीरात पाणी जास्त झालं, म्हणून ते लघवी जास्त करतं. वर घाम येत नाही. म्हणजे उन्हाळ्यात एकदा उठणारा म्हातारा हिवाळ्यात दोनतीनदा उठतो. उठतो कुठून तर गरम गोधडीतून, गुडघे आखडलेले, डोळ्यावर झोप, खोलीत काळोख, तळपाय गार पडून बधिर. साखरेच्या पेशंटचे तळपाय आधीच बधिर असतात त्यांचं तर विचारूच नका. आणि झोपून एकदम उभं राहिलं की बीपी खाली येतं, दोन पावलांवर डोळ्यापुढे अंधारी, मग हाताला जे लागेल ते धरायचं, ते टॉवेलचं दांडकं असेल नाहीतर प्लास्टिकची बादली.

म्हणून माझं एकच सांगणं आहे. बाकी नंतर करा, आधी एका रात्री दोन वाजता स्वतः उठा, घरातला एकही लाईट लावू नका, आणि आई किंवा बाबा ज्या पलंगावर झोपतात तिथून मोरीपर्यंत आणि संडासापर्यंत अनवाणी चालून बघा. हळू चाला, त्यांच्यासारखं. पायात काय येतं ते लक्षात ठेवा. मला आजवर घराघरात काय सापडलंय सांगते. मोबाईल चार्जरची वायर. पलंगाखालून अर्धी बाहेर आलेली ट्रंक. दारात दुमडलेलं पायपुसणं, हे तर प्रत्येक घरात. मोरीच्या आधी दीड इंचाचा उंबरठा जो दिवसा आपल्याला दिसतसुद्धा नाही. पाण्याचा दिवस असला तर रात्री भरलेल्या हंड्या-ड्रमच्या भोवती सांडलेलं पाणी, आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि कधीकधी मध्यरात्री येतं, तेव्हा घरभर ओलं असतं आणि म्हातारं माणूस त्याच ओल्यातून जातं. हीटरची रॉड लावलेली बादली आणि बोर्डापासून आडवी आलेली तिची वायर, यात तर अडखळणं आणि शॉक दोन्ही आहे.

दुसरी गोष्ट पायाची. आपल्याकडे थंडीत रात्री तळपायाला तेल लावून काशाच्या वाटीने घासायची पद्धत आहे. चांगली आहे, झोप छान लागते, त्याला माझा विरोध नाही. पण तेलकट तळपाय आणि खाली गुळगुळीत टाईल्स हे जमत नाही. तेल जिरलं की कोरड्या फडक्याने पुसा, बोटांच्या बेचक्यासुद्धा. तसंच लोकरी मोजे. टाईल्सवर नुसते मोजे घालून चालणं म्हणजे पाय निसटलाच. खाली रबराचे ठिपके असलेले मोजे मिळतात ते घ्या, नाहीतर मागून पट्टा असलेली, तळ न झिजलेली चप्पल. ती जुनी निळी-पांढरी स्लीपर जिचा तळ हाताला गुळगुळीत लागतो ती आजच टाकून द्या, त्यांनी कितीही सांगितलं की अजून चांगली आहे तरी.

तिसरी गोष्ट, शालीच्या आत हात. गारठ्यात माणूस दोन्ही हात आत घेऊन शाल घट्ट लपेटून चालतो. तोल गेला तर हात बाहेर येईपर्यंत डोकं जमिनीला लागलेलं असतं. चालताना हात मोकळे पाहिजेत, त्यापेक्षा बाह्यांचा स्वेटर आणि कानटोपी द्या. आणि आज्जींचं लुगडं घोट्याच्या वर नेसलेलं असू द्या, रात्रीपुरतं तरी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीत जगभरात दरवर्षी अंदाजे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात, अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांच्या खालोखाल हेच कारण आहे. आणि आपण काय म्हणतो, "वय झालं, पडायचंच." नाही हो. वयामुळे पाय कमजोर होतात हे खरं पण पडायला पायपुसणं लागतं, अंधार लागतो, नको ती गोळी लागते. यातलं प्रत्येक काढता येतं.

तुमच्या घरातलं लिहा, प्रश्न असतील तर विचारा, जमेल तसं उत्तर देते.

केळीच्या_बागेत

ताई मनापासून धन्यवाद, वाचनखूण साठवली. आमचे आबा ८१ चे आहेत. मागच्या महिन्यात रात्री शेतात पाणी भरायला आमची रात्रपाळी होती, लाईट आमच्याकडे एक आठवडा दिवसा एक आठवडा रात्री असते तुम्हाला माहीतच आहे, मी आणि भाऊ दोघं मळ्यात, घरी आबा आणि बायको. आबा उठले, तिला उठवलं नाही, का तर "ती दिवसभर राबस, तिले कशाले उठवू." ओट्यावरून खाली उतरताना पडले. नशिबाने खरचटण्यावर निभावलं. त्यांना कितीही सांगा, एकच, "माले काय व्हत नही." काय करावं?

तापीकाठची_फिजिओ

@केळीच्या_बागेत, दादा, ते उठवत नाहीत ते प्रेमापोटीच, त्यावरून त्यांना रागावू नका. उठवायची गरजच पडू नये असं करा. पलंगाशेजारी लघवीचं भांडं ठेवा, पुरुषांसाठी ती प्लास्टिकची बाटली मेडिकलला स्वस्तात मिळते. सुरवातीला लाजतात. तुम्ही स्वतः सांगा, सुनेकरवी नको, सकाळी रिकामीही तुम्हीच करा, म्हणजे त्यांना संकोच होत नाही. हे फार महत्त्वाचं आहे, बाटली आणून ठेवलेली असते आणि वापरत नाहीत कारण ती सून उचलणार हे त्यांना पटत नाही.

ओट्याच्या पायऱ्यांच्या कडेला पांढरा नाहीतर पिवळा ऑईलपेंटचा दोन बोटं रुंद पट्टा मारून घ्या. मोतीबिंदूच्या डोळ्याला पायरी कुठे संपते तेच कळत नाही, पट्टा कळतो.

पारोळेकरीण

फार गरजेचा धागा. ताई, तुम्ही पायपुसणं, ट्रंक सगळं लिहिलंत पण आमच्याकडच्या खेड्यातलं हिवाळ्याचं मुख्य कारण राहिलं, कापूस!

दिवाळीनंतर वेचणी जोरात आणि भाव पडलेला असला की कोणी विकत नाही, भाव येईल म्हणून घरात भरून ठेवतात. आमच्या सासरी पुढची खोली छतापर्यंत कापसाने भरलेली असते, मधली अर्धी. मग सासूबाईंची खाट कुठे, तर ओसरीवर नाहीतर माजघराच्या कोपऱ्यात. वर्षभर ज्या वाटेने त्या न बघता जातात ती वाटच बदलून जाते, जायला दीड हाताची बोळ उरते, कापूस सरकून सरकून त्या बोळीत येतो, खाली पायाला काय आहे समजत नाही, मऊ मऊ लागतं आणि त्याच्या खाली खुरपं असेल नाहीतर तराजूचं माप असेल. लाईटचं बटन कापसाच्या मागे गेलेलं असतं, ते तर मार्चपर्यंत सापडत नाही. माझ्या चुलतसासूबाई अशाच पडल्या, खांद्याचं हाड गेलं. त्यांच्या मुलाने काय करावं तर कापूस विकला नाही, पण खाट मोरीच्या दाराजवळ हलवली आणि वरून एक वायर ओढून दाराजवळ बल्ब आणि हाताशी बटन बसवलं. तेवढ्यात भागलं, नंतर पडल्या नाहीत.

तापीकाठची_फिजिओ

@पारोळेकरीण, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. माझ्या पट्ट्यात केळी जास्त, म्हणून हे मी एवढं जवळून बघितलं नव्हतं. खाट मोरीजवळ नेणं हा अगदी योग्य उपाय. घरात मांडामांड बदलली की पहिले आठ-पंधरा दिवस जास्त सांभाळायचे, पायांना जुनी वाट पाठ असते.

आणि खाटेबद्दल, सैल झालेली बाज बदला किंवा आवळून घ्या. झोळ झालेल्या बाजेतून उठताना म्हातारं माणूस आधी मागे पडतं, मग जोर लावून एकदम पुढे येतं आणि तोंडावर जातं. काठावर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघा साधारण कमरेच्या पातळीत हवा. पलंग उंच असेल तर पाय लटकतात, तेही वाईट.

मेडिकलवाला_शिरपूर

ताईंच्या पोस्टमध्ये "नको ती गोळी" एवढाच उल्लेख आहे, त्यावर मी जरा सविस्तर लिहितो कारण काउंटरच्या या बाजूने ते रोज दिसतं.

थंडीत सर्दी-खोकला घरोघरी. मुलगा येतो, "बाबांना सर्दी झाली, एक पाकीट द्या." त्या सर्दीच्या गोळ्यांत बऱ्याचदा क्लोरफेनिरामिन असतं, त्याने गुंगी येते, तोंड कोरडं पडतं आणि म्हाताऱ्या पुरुषांची लघवी तुंबते. खोकल्याच्या बऱ्याच औषधांचंही तेच. ती गोळी रात्री घेतली आणि दोन वाजता उठले की माणूस झोकांड्या खातो. ७० च्या पुढच्या माणसासाठी सर्दीची गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारून घ्या, मी स्वतः गिऱ्हाईकाला हेच सांगतो, दोन पाकिटं कमी विकली गेली तरी चालतील.

दुसरं, प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू असतं, त्याने उभं राहताना बीपी पडू शकतं. बीपीच्या गोळ्या, त्यातली लघवी वाढवणारी गोळी रात्री घेतली तर रात्रभर मोरीच्या वाऱ्या. झोपेच्या गोळ्या सगळ्यात वाईट, आणि वर्षानुवर्षं जुन्या चिठ्ठीवर चालू असतात. पण एक हात जोडून सांगतो, यातली कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, बीपीची तर अजिबात नाही, थंडीत बीपी वाढतंच. सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरा, आयुर्वेदिक, होमिओपॅथी, शेजारणीने दिलेली, सगळ्या, आणि पिशवी घेऊन डॉक्टरकडे जा. विचारायचं एवढंच की यातली कोणती बंद होईल, कोणती सकाळी घेता येईल.

आणि घरी बीपीचं मशीन असेल तर पाच मिनिटं झोपवून एकदा बघा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी बघा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. बहुतेक ठिकाणी फक्त बसवून बीपी बघतात, त्यात हे सापडत नाही.

धुळ्याचा_पण_पुण्यात

माहितीबद्दल आभार. मी पुण्यात, आईवडील धुळ्याला दोघंच. आई ७४, बाबा ७९. रोज फोन असतो, रोज विचारतो कसं आहे, रोज उत्तर "मस्त." मला इथून कळणार कसं की त्यांना पडण्याचा धोका आहे का? आणि व्हिटॅमिन डी चे सॅशे आणून द्यावे असं ऑफिसातला एक जण म्हणतो, त्याने पडणं थांबतं म्हणे.

तापीकाठची_फिजिओ

"कसं आहे" विचारलं की "मस्त"च येणार. त्यापेक्षा विचारा, या वर्षात एकदा तरी पडलात का, पडता पडता वाचलात का, चालताना भिंत धरता का. एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याची शक्यता बरीच जास्त असते, आणि पडलेलं सांगत नाहीत, मुलं काळजी करतील म्हणून, आणि आपलं फिरणं बंद करतील म्हणूनसुद्धा.

पुढच्या वेळी धुळ्याला गेलात की दोन गोष्टी करून बघा, मोबाईलवर सेकंद मोजता येतात. पहिली, बाबांना बिनहाताच्या पण भक्कम खुर्चीवर बसवा, खुर्ची भिंतीला टेकवून. दोन्ही हात छातीवर दुमडून ३० सेकंदात किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजा. ७० ते ७४ वयाच्या बाईला १० पेक्षा कमी जमले किंवा पुरुषाला १२ पेक्षा कमी, तर पायातली ताकद कमी आहे असं धरायचं. बाबांच्या वयाला ही मर्यादा ११. दुसरी, खुर्चीतून उठून १० फूट चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, नेहमीच्या चालीने. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर धोका आहे. तुम्ही शेजारी हात पुढे करून उभे राहा, एकट्याने करायला सांगू नका.

व्हिटॅमिन डी बद्दल, रक्तात कमी असेल तर डॉक्टर देतील तेवढं जरूर घ्यावं, हाडांना लागतं. पण सॅशे घेतला म्हणजे पडायचं थांबतं असं नाही. ऑस्ट्रेलियात ७० वर्षांपुढच्या बायकांना वर्षातून एकदम ५ लाख युनिटचा डोस देऊन बघितला, २०१० साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्या बायका कमी पडायच्या ऐवजी जास्त पडल्या आणि हाडंही जास्त मोडली. आपल्याकडे ६० हजार युनिटचे सॅशे लोक आठवड्याला एक असे महिनोन् महिने स्वतःच घेत राहतात, तसं करू नका.

पडणं ज्याने खरोखर कमी होतं ते म्हणजे व्यायाम, पायाच्या ताकदीचा आणि तोल सांभाळण्याचा. जगभरचे अभ्यास एकत्र करून बघितलं तर अशा व्यायामाने घरी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं पडणं साधारण २३ टक्क्यांनी कमी होतं. नुसतं चालायला जाणं पुरत नाही, चालणं चांगलं आहे पण त्याने तोल सुधारेल असं नाही. ओट्याला किंवा स्वयंपाकाच्या कट्ट्याला हात धरून टाचा वर उचलणं, एका पायावर उभं राहणं, एका पावलापुढे दुसरं लावून रेषेत चालणं, खुर्चीतून हात न लावता उठबस. सकाळी अंगणात कोवळं ऊन आलं की तिथेच करायचं, अंग मोकळं झालेलं असतं. रोज थोडं थोडं. आठवड्याला मिळून तीन तास झाले तर उत्तम.

नंदुरबारी_मास्तर

ताई, तुमचं सगळं पटलं. माझं मत एकच की थंडीत म्हाताऱ्यांना पहाटे बाहेर सोडूच नये. आमच्या गल्लीत कार्तिकात काकडआरतीला पहाटे पाचला जातात सगळे, अंघोळ करून, अनवाणी, अंधारात. देवळाची फरशी धुतलेली असते. दोन जण गेल्या वर्षी पडले. आणि डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेला जायचं म्हणून हट्ट, तापीच्या काठचा वारा, त्या गर्दीत कोण सांभाळणार. मी तर वडिलांना सरळ नाही म्हणून सांगतो. घरात बसून नाव घ्या देवाचं.

अमळनेरची_लेक

मास्तर, राग मानू नका पण मला हे अजिबात पटत नाही. माझ्या आईला एकदा पडल्यावर आम्ही चौघा भावंडांनी मिळून असंच "बाहेर जायचं नाही" केलं. काही महिन्यांत तिचे पाय काडीसारखे झाले. आधी देवळात जायची, मग ओट्यापर्यंत, मग पलंगावर. जी बाई सप्त्याच्या पंगतीत भाकरी थापायला बसायची तिला उठताना दोन माणसं लागायला लागली. आणि मग घरातच, भर दुपारी, खुर्चीतून उठताना पुन्हा पडली. काकड्याला दहा बायका भेटतात, चार शब्द बोलतात, टाळ वाजवतात, ते काढून घेतलं की माणूस आतून बसतं हो. देऊळ नीट करा ना. आमच्या गल्लीत मुलांनी ठरवलं की देवळाची फरशी रात्रीच धुवायची, पहाटेपर्यंत कोरडी. पायऱ्यांना एका बाजूने पाईपचं कठडं बसवलं, वर्गणी काढून. दारात खुर्च्या ठेवल्या, चपला काढायला बसून काढायच्या, एका पायावर उभं राहून नाही. आणि जाताना प्रत्येक म्हाताऱ्यासोबत गल्लीतलं एक पोरगं बॅटरी घेऊन. आई आता पुन्हा जाते, काठी घेऊन, पण जाते.

तापीकाठची_फिजिओ

अमळनेरची_लेक यांना पूर्ण अनुमोदन. मास्तर, तुमची काळजी खरी आहे, ती मला कळते. पण पडायच्या भीतीने बसवून ठेवलेला माणूस जास्त पडतो, हे मी घराघरात बघते. यात्रेच्या गर्दीच्या मुख्य दिवशी नको, आधी-नंतर दुपारच्या उन्हात गाडीने न्या, हात धरून दर्शन करवा. जमण्यासारखं आहे. काकड्याला जायचं तर उठल्याबरोबर थेट अंघोळ नको. उठून दोन मिनिटं काठावर बसायचं, पावलं वरखाली हलवायची, मग उभं राहून एक मिनिट पलंग धरायचा, मग निघायचं. अंघोळीचं पाणी कडकडीत नको, फार गरम पाण्याने बीपी उतरतं आणि उठताना चक्कर येते, मोरीत प्लास्टिकचा भक्कम स्टूल ठेवून बसून अंघोळ.

बॅकवॉटर_मुक्ताई

ताई काठीचं सांगा ना. आमच्या नानांनी बाजारातून काठी आणली, उजवा गुडघा दुखतो म्हणून उजव्या हातात धरतात. बरोबर आहे का?

तापीकाठची_फिजिओ

नाही, उलट. दुखणाऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी. उजवा गुडघा दुखतो तर काठी डाव्या हातात, आणि उजवा पाय व काठी एकाच वेळी पुढे. उंची, चप्पल घालून सरळ उभं राहिल्यावर हात मोकळा सोडायचा, मनगटाच्या घडीपर्यंत काठीची मूठ यायला हवी. लांब काठी असली तर खांदा उचलला जातो, कापून घ्या. खालचं रबरी बूच झिजलं की लगेच बदला, सायकलच्या दुकानातसुद्धा कधीकधी मिळतं. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना दुखरा पाय आधी खाली.

अजून एक, पैशाची अडचण असेल त्यांच्यासाठी, मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे, ६५ वर्षांपुढच्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांना काठी, वॉकर, चष्मा, कमोड खुर्ची असं घ्यायला एकदा ३ हजार रुपये खात्यात मिळतात. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा.

पारोळेकरीण

ताई, समजा पडलेच तर पहिल्यांदा काय करायचं ते पण लिहा. आमच्याकडे सगळे धावत येतात आणि दोन्ही हात धरून ओढून उभं करतात, मग गरम तेल चोळणं सुरू.

तापीकाठची_फिजिओ

हे सांगायला हवंच होतं. ओढू नका. आधी खाली बसून त्यांच्याशी बोला, कुठे दुखतंय, डोकं आपटलं का. जांघेत दुखत असेल, पाय टेकवत नसेल, एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं असेल तर खुब्याचं हाड मोडलंय असं समजा. हलवू नका, अंगाखाली-अंगावर गोधडी घाला, थंड फरशीवर पडून राहिलं की अंग फार लवकर गार पडतं, आणि १०८ ला फोन. चोळायचं नाही, हाडवैद्याकडे नेऊन पट्टी बांधायची नाही, त्यात दिवस जातात. खुब्याचं ऑपरेशन शक्यतो एक-दोन दिवसांत झालेलं चांगलं, माणूस लवकर उभा राहतो. कधीकधी हाड मोडूनही दोन पावलं चालतात, म्हणून "चालले म्हणजे काही नाही" असं धरू नका, दुखत राहिलं तर एक्स-रे. ७० पूर्ण झालेल्यांना उत्पन्न कितीही असलं तरी आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं, ते आजारपण नसताना काढून ठेवा, ऐन वेळी आधार कार्ड शोधत बसावं लागतं.

डोकं आपटलं असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर बाहेरून खरचटलं नसलं तरी लगेच दवाखान्यात. आणि पडल्यानंतर तीन-चार आठवड्यांनीसुद्धा माणूस गोंधळल्यासारखं बोलायला लागला, फार झोपायला लागला, एक पाय ओढायला लागला तर "म्हातारपण" म्हणू नका, डोक्यात हळूहळू रक्त साचू शकतं, वेळेत कळलं तर उपचार आहे.

काहीच दुखत नसेल तर त्यांना स्वतःच उठू द्या. कुशीवर वळायचं, मग हात आणि गुडघ्यांवर यायचं, तुम्ही भक्कम खुर्ची पुढे आणून ठेवा, दोन्ही हात खुर्चीवर, चांगला पाय पुढे, जोर लावून उठायचं आणि वळून बसायचं. हे धडधाकट असतानाच एकदा गादीवर करून दाखवा आणि करून घ्या.

केळीच्या_बागेत

ताई, बाटलीचं जमलं. मी स्वतः सांगितलं, दोन दिवस वापरली नाही, मग वापरायला लागले. पायऱ्यांना पिवळा पट्टा पण मारला, आबा म्हणतात दिसतं बरं आता. लाईट गेल्यावर आपोआप लागणारा चार्जिंगचा बल्ब मोरीच्या दाराशी लावला आणि पलंगाजवळ झिरोचा. आता मोरीत धरायला हँडल बसवायचंय पण आमचं जुनं धाब्याचं घर, मातीच्या भिंती, स्क्रू धरतच नाही. ड्रिल मारलं की पोपडा येतो.

वेल्डिंगवाला_चोपडा

भो, मातीच्या भिंतीला हँडल लावूच नका, आहे म्हणून धरतील आणि हँडलसकट येतील. मी असं एका ठिकाणी करून दिलंय. मोरीच्या दाराशी आणि संडासाच्या भांड्याच्या पुढे बाजूला असे दोन खड्डे घ्या, फूट-दीड फूट खोल, त्यात दीड इंची जीआय पाईप उभा, खाली आडवा तुकडा वेल्ड करून, म्हणजे फिरणार नाही, आणि काँक्रीट. पाईप जमिनीपासून खांद्याएवढा ठेवा, वरचं तोंड बंद करा, नाहीतर हाताला धार लागते. आठ दिवस कोणाला जोर लावू देऊ नका. पाईप थंडीत बर्फासारखा गार लागतो आणि म्हातारी माणसं मग धरत नाहीत, म्हणून त्यावर सायकलच्या हँडलची रबरी पकड नाहीतर सुतळी घट्ट गुंडाळून द्या, ओल्या हातातूनही सुटत नाही.

तापीकाठची_फिजिओ

हे फार छान सांगितलंत. सुतळीपेक्षा रबर बरं, सुतळी ओली राहून सडते. आणि पाईप बसवायच्या आधी आबांना त्या जागी बसवून-उठवून बघा, हात आपोआप कुठे जातो ते बघून तिथेच खड्डा घ्या. आपल्या उंचीने मोजू नका.

केळीच्या_बागेत

उद्या मिस्तरीला बोलावलंय. आबांना मोरीत उभं करून खडूने खूण करून ठेवतो आधी.